खेळणे तेच, चुंबक नवे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाट आठवा. त्यात एका लाकडी पेटीत दोन पट्टीचुंबक शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ, आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे दोन तुकडे. या तुकड्यांना 'चुंबकरक्षक' म्हणतात. इतकी काळजी घेऊनही हे चुंबक वर्षानुवर्षे वापरून अशक्त झालेले असतात. त्यांच्या टोकाला आठ-दहा टाचण्या चिकटल्या तरी आपल्याला आनंद होतो.

आता घरातले दुसरे चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुटीत आलेली धाकटी मावसबहीण जमिनीवर बसून रंगीत पारदर्शक चौकोन आणि त्रिकोण एकमेकांना जोडत आहे. गोंद नाही, खिळा नाही, खाच नाही. दोन कडा जवळ नेल्या की 'खट्' असा आवाज होतो आणि त्या जुळतात. पाहता पाहता घर उभे राहते, त्यावर मनोरा चढतो. या प्रत्येक चौकोनाच्या कडेत, प्लॅस्टिकच्या आत, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे छोटे चुंबक दडवलेले असतात. शाळेच्या वीतभर लांबीच्या चुंबकाला जे जमत नाही, ते हे इवलेसे तुकडे सहज करतात.

ते बाहेर निसटले आणि एखाद्या लहान मुलाने गिळले, तर काय होईल? "मुले काय, पैसेसुद्धा गिळतात. केळी खायला घाला, उद्या पडेल," असे घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणेल. पोटात पोचलेले नाणे बहुधा खरोखरच शौचावाटे बाहेर पडते. परंतु चुंबकांच्या बाबतीत हा सल्ला मुलाच्या जिवावर बेतू शकतो. असे का, हे समजून घेण्यासाठी तुम्हाला पाठ्यपुस्तकातले चुंबकत्व, दाबाची व्याख्या आणि थोडे शरीरशास्त्र एवढे पुरेसे आहे.

चुंबक कसा बदलला?

विसाव्या शतकाच्या आरंभी कायमचे चुंबक पोलादाचे असत. १९३१ साली जपानमध्ये मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचे एक संमिश्र शोधले. त्यातूनच पुढे 'अल्निको' जातीचे चुंबक आले. त्याच सुमारास फेराइट हा काळा, ठिसूळ आणि स्वस्त चुंबकीय पदार्थ जपानमध्येच तयार झाला. ध्वनिक्षेपकाच्या मागे असलेले काळे कडे तुम्ही पाहिले असेल. ते फेराइटचे असते. जुन्या खेळण्यांत हेच चुंबक वापरले जात. ते आकाराने मोठे, ओढीने बेताचे असत. लहान मुलाने गिळण्याइतका छोटा तुकडा घेतला, तर त्याची ओढ अगदीच क्षीण असे.

मग १९८३ साल उजाडले. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एका नव्या चुंबकाची घोषणा केली. तो निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन या तीन मूलद्रव्यांचा बनलेला होता. त्याच्या स्फटिकात निओडिमियमचे २, लोखंडाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू असे प्रमाण असते. लोखंडाचे अणू चुंबकत्वाचा मोठा भाग पुरवतात. निओडिमियमचे अणू त्या चुंबकत्वाची दिशा घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे हा चुंबक बलवान असतो आणि सहजासहजी अशक्तही होत नाही. सारख्या आकारमानाच्या फेराइट चुंबकाशी तुलना केली, तर त्यात साठवता येणारी चुंबकीय ऊर्जा सुमारे दहापट असते.

या शोधाने मोठे काम केले. कानात घालायचे श्रवणयंत्र, संगणकातील तबकडी, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारी, पवनचक्क्यांची जनित्रे, या सर्वांत हे चुंबक आहेत. पुढे ते स्वस्त झाले आणि खेळण्यांतही आले. बाहेरून पाहिले तर खेळणे पूर्वीसारखेच रंगीबेरंगी राहिले, पण त्याच्या पोटातला चुंबक मात्र पार बदलला होता.

थोडा हिशेब

पाच मिलीमीटर व्यासाची निओडिमियम चुंबकाची एक गोळी घेऊ. अशा गोळ्यांचे संच बाजारात विकले जातात. गोळीचे घनफळ सुमारे ६५ घन मिलीमीटर आणि पदार्थाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.५ ग्रॅम, म्हणून तिचे वस्तुमान अर्धा ग्रॅम भरते. आता अशा दोन गोळ्या एकमेकींना चिकटल्या, तर त्या किती बलाने धरून ठेवतात? सैद्धांतिक हिशेबाने हे बल सुमारे ३८० ग्रॅम वजनाएवढे येते. म्हणजे गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या सातशेपटींहून अधिक!

अर्थात हे बल गोळ्या चिकटलेल्या असतानाचे झाले. गोळ्या दूर केल्या की ते झपाट्याने कमी होते. अशा गोळ्यांच्या बाबतीत नियम असा आहे: दोन केंद्रांमधील अंतर दुप्पट केले, तर बल निम्मे किंवा पाव होत नाही, ते सोळावा हिस्सा उरते. अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात हे बल बदलते. पुढील आकडे पाहा.

गोळ्या चिकटलेल्या (केंद्रांतील अंतर ५ मिमी): सुमारे ३८० ग्रॅम
मधली फट २.५ मिमी (केंद्रांतील अंतर ७.५ मिमी): सुमारे ७५ ग्रॅम
मधली फट ५ मिमी (केंद्रांतील अंतर १० मिमी): सुमारे २४ ग्रॅम
मधली फट १० मिमी (केंद्रांतील अंतर १५ मिमी): सुमारे ५ ग्रॅम
मधली फट १५ मिमी (केंद्रांतील अंतर २० मिमी): सुमारे दीड ग्रॅम

हे कोष्टक वरून खाली वाचले तर वाटते, "चला, दीड सेंटिमीटर दूर गेल्यावर धोका संपला." आता तेच खालून वर वाचा. दीड सेंटिमीटर अंतरावरही गोळीवरील ओढ तिच्या स्वतःच्या वजनाच्या तिप्पट आहे. ओल्या, निसरड्या जागी गोळी हलायला एवढी ओढ पुरते. गोळी थोडी जवळ सरकली की ओढ वाढते. ओढ वाढली की ती आणखी जवळ सरकते. दोर ओढून सैल सोडता येतो, स्क्रू उलटा फिरवता येतो. ही पकड मात्र आपणहून घट्ट होत जाते आणि आपणहून कधीच सैल होत नाही.

आतड्यात काय घडते?

आपले लहान आतडे ही कित्येक मीटर लांबीची, वेटोळी घालून पोटात बसवलेली नळी आहे. तिच्या भिंती लाटेसारख्या आकुंचन पावतात आणि आतले अन्न पुढे ढकलतात. नाणे किंवा गुळगुळीत मणी या लाटांबरोबर पुढे सरकतो. एकटा चुंबकसुद्धा बहुतेक वेळा असाच पुढे जातो.

परंतु समजा, मुलाने एक गोळी आता गिळली आणि दुसरी अर्ध्या तासाने. पहिली गोळी पुढच्या वेटोळ्यात गेली, दुसरी मागच्या वेटोळ्यात आहे. नळीच्या लांबीने मोजले तर त्यांच्यात कदाचित एक मीटर अंतर असेल. पण वेटोळी एकमेकांना लागूनच असतात. त्यामुळे भिंतीपलीकडून भिंतीपलीकडे मोजले तर अंतर काही मिलीमीटरच! चुंबकीय क्षेत्राला आतड्याची भिंत अडवू शकत नाही. दोन्ही गोळ्या एकमेकींकडे धावतात आणि मधल्या दोन भिंती चिमट्यात सापडतात.

आता तुमच्या अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. नखाखालचा गुलाबी रंग जाऊन तेथे पांढरे पडते. बोट उचलताच गुलाबी रंग परत येतो. तुम्ही दाबल्यामुळे नखाखालच्या केशवाहिन्यांमधील रक्त बाजूला सरले होते. केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब फारच कमी असतो. तो पाऱ्याच्या सुमारे २५ मिलीमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३४ ग्रॅम वजन होते. बाहेरून याहून जास्त दाब पडला की रक्ताचा पुरवठा थांबतो.

दोन्ही भिंती मिळून जाडी अडीच मिलीमीटर धरा. कोष्टकाप्रमाणे गोळ्यांमधील बल ७५ ग्रॅम आहे. गोळ्यांचा भिंतींवर टेकलेला भाग दहा चौरस मिलीमीटर, म्हणजे एक-दशांश चौरस सेंटिमीटर धरू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ७५ भागिले ०.१ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७५० ग्रॅम! केशवाहिन्यांमधील दाबाच्या बावीसपट. आपला हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. पण तो निम्म्यावर आला तरी निष्कर्ष बदलत नाही. चिमट्यात सापडलेल्या भिंतीला रक्त मिळणे बंद होते. नखावरचे बोट आपण क्षणात उचलतो. येथे ते कोणी उचलत नाही.

रक्त न मिळालेल्या पेशी काही तासांतच मरू लागतात. भिंत पातळ होते, तशा गोळ्या आणखी जवळ येतात आणि दाब आणखी वाढतो. शेवटी भिंतीला छिद्र पडते. आतड्यातील जंतू उदरपोकळीत शिरतात आणि सर्व पोटाला दाह होतो. कधी दोन वेटोळी चुंबकांभोवती पीळ खातात आणि आतड्याचा मार्गच बंद होतो. छिद्र, पीळ आणि अडथळा, यांतील कोणतीही एक गोष्ट लहान मुलाचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

दुसरी गोळी चुंबकाऐवजी साध्या लोखंडाची असली तरी हेच घडते, कारण चुंबक लोखंडालाही ओढतोच. काही संचांमध्ये चुंबकाच्या कांड्या आणि पोलादी गोळ्या असतात. तेथे "चुंबक तर एकच गिळला" असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

एका मुलाच्या मृत्यूनंतर

नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत वीस महिन्यांचा एक मुलगा मरण पावला. त्याच्या मोठ्या भावाकडे चुंबकांचे जोडखेळणे होते. प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून सुटलेले छोटे चुंबक त्या बाळाने गिळले होते. चुंबकांनी आतड्याला पीळ पाडला आणि मार्ग बंद केला. घरच्यांना काही कळायच्या आत सर्व संपले होते.

खेळणे तान्ह्या मुलासाठी नव्हते हे खरे. पण घर एकच असते आणि जमीनही एकच! मोठ्या मुलाच्या खेळण्यातून पडलेली वस्तू रांगणाऱ्या मुलाच्या हाती सर्वांत आधी लागते.

मार्च २००६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्या खेळण्याचे सुमारे ३८ लाख संच परत मागवल्याचे जाहीर केले. एप्रिल २००७ मध्ये ही मोहीम आणखी वाढवावी लागली. तोपर्यंत आतड्याला इजा झालेली २७ प्रकरणे आणि चुंबक सुटून आल्याच्या किमान १,५०० घटना नोंदल्या गेल्या होत्या. म्हणजे तो एखाद्या घरातला योगायोग नव्हता. चुंबक बसवण्याच्या पद्धतीतच दोष होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका बड्या कंपनीला छोटे चुंबक असलेली १ कोटी ८२ लाख खेळणी परत मागवावी लागली.

यानंतर नियम बदलले. पण २००९ च्या सुमारास वेगळीच वस्तू बाजारात आली. पाच मिलीमीटरच्या दोनशेहून अधिक सुट्या चुंबक-गोळ्या एका डबीत घालून 'मोठ्यांचा विरंगुळा' म्हणून विकल्या जाऊ लागल्या. खेळणे नाही म्हटल्यावर खेळण्यांचे नियमही लागू होत नव्हते! अमेरिकेत २०१४ मध्ये अशा गोळ्यांसाठी नियम झाला; २०१६ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला; आणि २०२२ मध्ये नवा नियम लागू झाला. त्या आयोगाच्या अंदाजानुसार २०१७ ते २०२१ या काळात अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत दर वर्षी सुमारे २,४०० जणांवर चुंबक गिळल्याबद्दल उपचार झाले. २००५ ते २०२१ या काळातील सात मृत्यू आयोगाला माहीत आहेत. त्यांतील दोन अमेरिकेबाहेरचे आहेत.

ही प्रकरणे केवळ तान्ह्या मुलांची नाहीत. तुमच्या वयाची मुले-मुलीही त्यांत आहेत. जिभेला किंवा ओठाला टोचून घेतल्याचा देखावा करण्यासाठी जिभेच्या वर एक आणि खाली एक गोळी लावायची, हसताना किंवा ठसका लागून दोन्ही पोटात जायच्या, असे अनेकदा घडले आहे. तेव्हा हे फक्त लहानांना सांगायचे शहाणपण आहे असे समजू नका.

सुरक्षित चुंबक म्हणजे कोणता?

नियम करणाऱ्यांपुढे प्रश्न होता: कोणता चुंबक धोक्याचा आणि कोणता नाही, हे ठरवायचे कसे? त्यांनी दोन कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी आकाराची. त्यासाठी एक ठरावीक मापाचे नळकांडे असते. ते लहान मुलाच्या घशाच्या मापावरून ठरवले आहे. त्याचा व्यास ३१.७ मिलीमीटर असतो, आणि तळ तिरपा असल्याने खोली एका बाजूला २५.४ तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलीमीटर असते. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली, तर ती गिळण्याजोगी समजतात.

दुसरी कसोटी चुंबकाच्या ओढीची. चुंबकाच्या ध्रुवापाशी क्षेत्राची तीव्रता किलोगाउसमध्ये मोजतात. तिचा वर्ग करून त्याला ध्रुवाच्या क्षेत्रफळाने (चौरस मिलीमीटरमध्ये) गुणतात. या गुणाकाराला फ्लक्स निर्देशांक म्हणतात. तो ५० पेक्षा कमी असला पाहिजे. वर्ग कशासाठी? कारण चुंबकाची पकड क्षेत्राच्या तीव्रतेच्या वर्गाच्या आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे हा निर्देशांक दुसरे काही नसून पकडीचेच माप आहे.

एक उदाहरण करू. समजा, पाच मिलीमीटरच्या गोळीची तीव्रता ४.५ किलोगाउस भरली. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राची तीव्रता सुमारे ०.४ गाउस असते. त्याच्या दहा हजारपटींहून ही अधिक झाली. ४.५ चा वर्ग २०.२५. गोळीच्या मधल्या छेदाचे क्षेत्रफळ १९.६ चौरस मिलीमीटर. गुणाकार जवळजवळ ४००, मर्यादेच्या आठपट! आता दहा मिलीमीटर व्यासाची फेराइटची चकती घ्या आणि तिची तीव्रता ०.६ किलोगाउस धरा. ०.३६ गुणिले ७८.५ म्हणजे सुमारे २८. ती मर्यादेच्या आत आहे.

खेळण्यातून सुटणारा चुंबक यांतील निदान एका कसोटीला उतरलाच पाहिजे: तो गिळता न येण्याइतका मोठा तरी असावा, नाहीतर त्याची ओढ मर्यादेत तरी असावी. चुंबक प्लॅस्टिकमध्ये बंद असेल, तर खेळणे पाडून, पिळून, ओढून, दाबून पाहतात आणि मगच तो सुटत नाही असे मानतात. ही चाचणी चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना लागू असते, केवळ तान्ह्या मुलांच्या नव्हे. आपल्या देशात केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. चिन्हाजवळ मानकाचा क्रमांक आणि 'सी.एम./एल.' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. खेळणे घेताना तो वाचा. फक्त चिन्ह छापले आहे आणि क्रमांक नाही, तर दुकानदाराला विचारायला संकोचू नका.

करून पाहा

१. गिळण्याजोगी वस्तू ओळखणे. नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलीमीटर, म्हणून परीघ जवळजवळ बरोबर १० सेंटिमीटर! जाड कागदाची ११ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या (१ सेंटिमीटर चिकटवण्यासाठी). वरची कड सरळ ठेवा. डाव्या टोकापासून ०, १.२५, २.५, ३.७५ आणि ५ सेंटिमीटरवर वरच्या कडेपासून खाली अनुक्रमे ५७, ५२, ४१, ३० आणि २५ मिलीमीटरवर खुणा करा. पुढील निम्म्या भागात हेच आकडे उलट क्रमाने घ्या. खुणा वळणदार रेषेने जोडून कापा आणि पट्टीची नळी करा. तिरप्या बाजूला कागदाचा तळ चिकटवा. घरातल्या वस्तू त्यात टाकून पाहा. किती वस्तू आत मावतात, हे पाहून तुम्ही चकित व्हाल.

२. अंतर आणि ओढ. यासाठी शाळेचा पट्टीचुंबक किंवा जुन्या ध्वनिक्षेपकातील कडे वापरा; सुट्या छोट्या गोळ्या वापरू नका. चुंबकाच्या ध्रुवाखाली वहीचा एक कागद धरून त्याला किती टाचण्या लटकतात ते मोजा. मग कागदांची संख्या ५, १०, २०, ४० अशी वाढवा आणि आलेख काढा. आलेखाची रेषा सरळ येते का?

३. हरवलेला चुंबक शोधणे. सतरंजीच्या घडीत एखादा छोटा चुंबक लपवायला मित्राला सांगा. होकायंत्र सतरंजीवरून सावकाश फिरवा. सुई जेथे वळेल तेथे चुंबक आहे. लोखंडी उलथने फिरवले तर चुंबक त्याला चिकटूनच वर येतो. उलथने लोखंडाचेच हवे. स्टेनलेस स्टीलच्या कित्येक वस्तूंना चुंबक चिकटत नाही.

घरात काय करावे?

चुंबकांची खेळणी वाईट नाहीत. चौकोनांपासून घन कसा होतो, त्रिकोणांचा मनोरा का डळमळत नाही, हे त्यांच्याशी खेळताना मुलांना आपोआप कळते. काळजी घ्यायची ती खेळणे निवडताना आणि ते वापरताना.

दर आठवड्याला प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहा. कोपऱ्याला चीर गेली असेल, सांधा उघडला असेल, हलवल्यावर आत खुळखुळत असेल, तर तो तुकडा बाजूला काढा. गोंदाने चिकटवून पुन्हा खेळायला देऊ नका. संचात किती तुकडे आहेत ते डबीच्या झाकणावर लिहून ठेवा आणि खेळ संपल्यावर मोजून आत ठेवा. सुट्या चुंबक-गोळ्यांचा संच लहान मुले असलेल्या घरात आणूच नये.

आणि एवढे करूनही कोणी चुंबक गिळला, किंवा गिळला असा नुसता संशय आला, तर? वाट पाहू नका. पहिले काही तास मूल हसत-खेळत असते. नंतर उलट्या, पोटदुखी आणि ताप येतो, आणि ही लक्षणे अपचनासारखी किंवा साध्या पोटाच्या विकारासारखी दिसतात. तोपर्यंत आत छिद्र पडलेले असू शकते. मुलाला केळी, भाकरी, पाणी, जुलाबाचे औषध असे काहीही देऊ नका. उलटी करवू नका. पोटावर बाहेरून दुसरा चुंबक लावून पाहू नका. जेथे क्ष-किरण चित्र काढण्याची आणि मुलांच्या शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात लगेच न्या. खेळण्याचा एखादा तुकडा बरोबर घ्या. आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "मुलाने चुंबक गिळला आहे." नुसते "काहीतरी गिळले" असे म्हणू नका. क्ष-किरण चित्रात चुंबक आणि साधा मणी सारखेच दिसतात. दोन चिकटलेल्या गोळ्या एकही वाटू शकतात. चुंबक आहे हे कळले तरच डॉक्टर दोन बाजूंनी चित्रे घेतात, एम.आर.आय. तपासणी टाळतात आणि चुंबक जठरात असतानाच दुर्बिणीने काढता येईल का ते पाहतात. एकदा ते आतड्यात उतरले की पोट उघडण्याची वेळ येऊ शकते.

(घड्याळात किंवा खेळण्यात असणारी बटणाएवढी बॅटरी गिळली तरी असेच तातडीने धावले पाहिजे. तिचा धोका मात्र चुंबकाचा नसून अन्ननलिका जळण्याचा असतो.)

मित्रांनो, पुष्कळदा लहान भावंडाने तोंडात काही टाकल्याचे सर्वांत आधी पाहणारे तुम्हीच असता. आई स्वयंपाकघरात असते, बाबा कामावर असतात. खेळणे तुमचे असेल, तर ओरडा बसेल या भीतीने गप्प राहावेसे वाटते. ती भीती बाजूला ठेवा आणि लगेच सांगा. चुंबक पोटात जाऊन किती मिनिटे झाली, ही त्या क्षणी डॉक्टरांना हवी असलेली सर्वांत मोलाची माहिती असते आणि ती फक्त तुमच्याकडे असू शकते.

विचार करा

१. तीन मिलीमीटर व्यासाच्या गोळीची तीव्रता ४ किलोगाउस आहे. तिचा फ्लक्स निर्देशांक किती? ती गोळी खेळण्यात सुटी देता येईल का?

२. दोन चुंबक एकमेकांना चिकटलेल्या स्थितीत एकाच वेळी गिळले आणि दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले, यांत कोणते अधिक धोक्याचे? का?

३. एखाद्या खेळण्यात ओढ कायम ठेवून चुंबक सुरक्षित करायचा आहे. तुम्ही चुंबकात बदल कराल की त्याच्या भोवतीच्या प्लॅस्टिकच्या कवचात? तुमचे कवच पाडून, पिळून, ओढून पाहायला मित्राला द्या. ते किती टिकते, याची नोंद ठेवा.